इंग्लंडची भुतं आणि अण्णाचं हसणं

अण्णा, पयल्यांदा एक सांगून टाकतो. हे मी लिवत न्हाय. मला लिवता येत असतं तर तुझ्या अडतीत गुळाचं रवं पाठीवर कशाला व्हायलं असतं, तुझ्याशेजारी गादीवर नसतो बसलो? लिवतीया तुझी गिरिजा, हितं खाली तुझ्या गादीपाशी बसून. मी बोलतोय आणि ती कागदावर उतरवतीया. मधनंच तोंड वाकडं करती. आत्ता म्हणाली, "काका, थोडं नीट भाषेत लिहू का?" म्हणलं, नगं बाई. नीट भाषेत लिवलंस तर तुझ्या बाला वाटंल, बँकेची नोटीस आली.

बाजारातल्या लोकांनी तुझ्यावर चार-चार शब्द छापायचं ठरवलंय. बाकीच्यांनी दिलं बी. अण्णा सचोटीचा, अण्णा दानी, अण्णानं मठावर पत्रा घातला. खरं हाय ते. पर अडतीच्या माडीवर त्या लोखंडी पेटीत काय व्हतं, ते त्यातल्या एकाला बी म्हाईत न्हाय. पेटीत भुतं व्हती. सगळी इंग्लंडची.

खाली दुकानात मी तुला मालक म्हणायचो. "मालक, तुमी सांगाल तसं." जिना चढून वर गेलं की तू अण्णा, आणि अरं-तुरं. जिन्याच्या कुठल्या पायरीवर ह्यो बदल व्हायचा ते मला कवा कळलं न्हाय. एकदा घाईत माडीवरनं उतरता उतरता सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणलं, "अण्णा, तुझ्या धोतराला कोळ्याचं जाळं लागलंय." गिऱ्हाइकं धोतराकडं वाकून बघायला लागली. तू लेका वही बघत म्हणलास, "बंडा, पावण्यांस्नी पाणी दे." मी पाणी आणलं ते तुझ्या वहीवरच सांडलं. तवापासनं मी शेवटच्या पायरीवर जीभ चावूनच खाली पाय ठेवायचो.

इंग्लंडचीच भुतं का, ते बी सांगतो, म्हंजे वाचणाऱ्याला वाटू ने की आमी काय साहेबाची पोरं. इस्माईलभाई घाटाखालचा. बोटीवर स्वैपाकी. त्येची बोट कवा इंग्लंडला लागायची, कवा अमेरिकेला. पयली क्यासेट आणली ती अमेरिकेची. तू नवाकोरा व्हीसीआर घेतलेला, त्येला हार घातलेला, मी नारळ फोडलेला. क्यासेट लावली तर चित्राला रंग न्हाय आणि सगळी माणसं खालनं वर गिरक्या घेत्यात. मी म्हणलं, "अण्णा, लई भारी भूत हाय, थांबायलाच तयार न्हाय." अर्धा तास आमी दोघं मान वर-खाली करत बघत बसलो. मग इस्माईलभाईनं कुणाला तरी इचारून सांगितलं की अमेरिकेची टेप आपल्या मशिनला चालत न्हाय, इंग्लंडची चालती. बास. तवापासनं तू त्येला एकच सांगायचास, "भाई, साबण नगं, सेंट नगं, घड्याळ नगं. इंग्लंडचं जुनं भूत आण."

आणि त्यो आणायचा. लुंगीत गुंडाळून. कव्हरवर पोरगी, मानेवर दोन भोकं, मागं दात काढून उभा असलेला वाड्याचा धनी. तुझ्या बायकूनं, आमच्या आक्कानं, बघू ने म्हणून तू सगळ्यांस्नी खाकी कव्हर घातलीस, शाळेच्या पुस्तकावानी. पेटी इटांवर ठेवलीस, इटा रॉकेलच्या ताटल्यांत ठेवल्यास. का, तर खाली गूळ, आणि गुळावर मुंग्या. कोल्लापुरात भुतांस्नी मुंग्यांपासनं सांभाळणारा तू एकटाच असशील.

बघायचो कवा? अमावास्येला. दुसऱ्या लोकांस्नी वाटंल, भुताचं म्हणून अमावास्या. तसलं काय न्हाय. अमावास्येला बाजार बंद, सौदं न्हाईत, आमी मोकळं. भर दुपारी शटर खाली ओढायचं, खिडकीला पोती लावायची, आणि अंधार करून बसायचं. आक्का खालनं वरडायची, "आज अमावास्या हाय, आणि घरात मुडदं नाचवतासा!" तू वरनं म्हणायचास, "मुडदं न्हाईत गं, बंडा हाय." ती म्हणायची, "त्येच की."

इंग्रजी दोघांस्नी बी येत न्हवतं. तुला अक्षरं लावता यायची, मला ती बी न्हाईत. मग तू आवाज बारीक करायचास आणि मी बोलायचो. सगळ्यांचं. वाड्याचा धनी साखर कारखान्याच्या चेरमनगत बोलायचा: "या पावणं, बसा. जेवायचं हाय न्हवं? तुमी न्हाय वो, मी." क्रूस घेतलेला म्हातारा तुमच्या मठाच्या स्वामींवानी. नोकराणी तर आक्काच. एकदा आक्का जिन्यात उभी राहून ऐकत व्हती. तिनं जिन्यातनंच लाटणं फेकलं, ते मलाच लागलं. टेंगूळ घेऊन मी उरलेला पिक्चर बोललो, नोकराणीचं बोलणं तेवढं गाळून.

आणि त्या पिक्चरांत सारखं चा पित्यात. कुणाचा खून झाला, चा. बाहेर वटवाघूळ आलं, चा. म्हणून मी त्ये एक काढलं. मुडद्याच्या पेटीचं झाकण उघडतंय, हात बाहेर येतोय, बाजा वाजतोय, आणि त्यो मुडदा उठून बसला रं बसला की मी डोळं मिटून तुझ्या आवाजात म्हणायचो, दुपारच्या झोपंतनं उठल्यावर तू म्हणायचास तसं, जांभईसकट: "गंऽ… चा झाला का गं?"

अण्णा, तू कवाच तग धरला न्हाईस. दर बारीला तेच बोलणं, आणि दर बारीला तू आडवा. तुझं ते हसणं! आधी नाकात शिट्टी, मग पंपानं हवा धरल्यावर घशात गुडगुड व्हती तसं, आणि शेवटी एक उचकी. दुकानात तू असलं कधी हसला न्हाईस. दुकानात तू नुसत्या मिशा हलवायचास. बाजारात माझी पाठ सगळ्यांनी वापरली, अण्णा. तोंड तू एकट्यानं वापरलंस. पाठ गेली, डाक्टरनं वजन उचलायचं न्हाय म्हणून सांगितलं, तवा मी गाठोडं बांधून गावाकडं निघालो हुतो. तू म्हणलास, "पाठ गेली, तोंड गेलं का? चल वर." त्येवढंच. मी गाठोडं तुझ्या माडीवर टाकलं आणि तितंच झोपलो. ह्यात उपकाराचं काय बोलणं झालं न्हाय, म्हणून आता बोलतोय.

आणि त्या उपकाराची फेड मी कशी केली ते बी लिव, गिरिजा. तुझ्या बाची सगळ्यात लाडकी क्यासेट व्हती, किल्ल्याची. इस्माईलभाईनं लई फिरून आणलेली. टेप सैल पडली म्हणून मी बोटानं ताणली. हात तसाच गुळाचा. पुढच्या अमावास्येला अण्णानं क्यासेट मशिनमधी घातली. किल्ला दिसला, धुकं दिसलं, पेटीचं झाकण उघडायला लागलं, अर्धं उघडलं आणि जागीच थांबलं. आणि मशिनच्या तोंडातनं काळ्या मुंग्यांची वरात बाहेर. मी म्हणलं, "अण्णा, ह्या बघ, वऱ्हाडी निघालं." तू हसला न्हाईस. मशीन पोटाशी धरून बसलास, आजारी लेकरू धरल्यावानी. आणि मग म्हणलास, "बंडा, इंग्लंडातनं एवढी भुतं आणली, पर खरं भूत गावातच व्हतं." ती टेप पुन्हा कवा पुढं सरकली न्हाय. पेटीत कोण झोपलं व्हतं, त्येच्यावर आपलं भांडण ऱ्हायलंच. तू म्हणायचास पेटी रिकामी हाय. मी म्हणायचो, त्यो आत हाय, चाची वाट बघतोय.

आता खरं भांडण सांगतो. हसायचं न्हाय असलं.

तू ती पिक्चरं आवडीनं बघतोस असं मला लई दिस वाटत व्हतं. तसं न्हवतं. तू भीतीनं बघत व्हतास. तुमच्या लिंगायतांत माणूस गेला की जाळत न्हाईत, निजवत बी न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, हातात लिंग, अंगाला भस्म, आणि बसल्या जागी वरनं मीठ आणि माती. सीमेकडच्या गावात तुझ्या एका चुलत्याला तसं बसवलेलं, आणि मीठ टाकता टाकता त्येचा हात हलला. तू तवा ल्हान, बाच्या खांद्यावर. ओढून बाहेर काढला त्येला. पुढं लई वर्सं जगला म्हणं, पर पुन्हा कवा मांडी घातली न्हाय. जेवायला बी पाय पसरून बसायचा. ही गोष्ट तू मला सांगितलीस ती एका अमावास्येला, पिक्चर मधीच बंद करून. त्यात एका जित्या बाईला पेटीत घालून खिळं ठोकत व्हते, आणि ती आतनं नखांनी खरवडत व्हती. मी तिचं बोलायला तोंड उघडलं व्हतं. तू बटण दाबलंस.

म्हणलास, "बंडा, तुमचं बरं हाय. एकदा पेटवलं की शंका न्हाय."

मी म्हणलं, "व्हय, आणि मी वरडलो तर घागरभर पाणी टाक."

"मस्करी करू नगंस. माझं ऐक. मला बसवतील तवा तू खड्ड्याजवळ ऱ्हायचं. डाक्टरवर माझा इस्वास न्हाय, नाडीवर न्हाय. माती पडायच्या आधी तू ते म्हणायचं."

"काय?"

"चाचं. माझ्या आवाजात. मी जित्ता असंन तर मला हसू आवरायचं न्हाय. हसलो न्हाय, तर मग माती टाका."

"एवढ्या लोकांत? स्वामी असतील, आक्का असंल. मला तितंच पुरतील की."

"पुरू देत. सोबत हुईल."

"आणि मेल्यावर हसलास तर?"

तू इचार केलास. म्हणलास, "तर पळ."

तवा हसलो दोघं बी. पर तू पुन्हा इचारलंस, "म्हणशील न्हवं?" मी म्हणलं, "बघू." त्येच्यानंतर कितीदा इचारलंस. जेवताना, तराजूशी, एकदा तर सौद्यात. मी दर बारीला "बघू." अण्णा, मला वाटलं, "व्हय" म्हणलं की तू मरायला मोकळा झालास. म्हणून मी तुला अडकवून ठेवत व्हतो. माझी अक्कल एवढीच.

त्या दिशी पहाटं मला तूच गगनबावड्याला धाडलंस. इस्माईलभाई खालनं येणार व्हता, क्यासेट घेऊन. पाऊस असला की मोटारीला रस्ता दिसत न्हवता. स्टँडवर इस्माईलभाईनं भिजलेल्या लुंगीतनं क्यासेट काढली, म्हणाला, "बोलो अण्णाको, इसमें मुर्दा बहोत शरीफ है." मी शर्टाच्या आत घातली आणि परत फिरलो. मोटार वाटंत चिखलात बसली. मी सगळ्यांच्या संगं ढकलायला उतरलो, ही पाठ घेऊन, आणि ढकलता ढकलता मीच मागं ऱ्हायलो आणि मोटार पुढं गेली. पळत गाठली. लोकं हसली. मी बी हसलो. तवा तू गेलेला व्हतास अण्णा, आणि मी चिखलात हसत पळत व्हतो.

अडतीत पोचलो तर तुला भिंतीला टेकवून बसवलेलं. गळ्यात माळ, कपाळभर भस्म. डोळं अर्धं मिटलेलं. दुपारच्या झोपंत असायचं तसंच. मला कुणी काय सांगितलंच न्हाय, सगळ्यांस्नी वाटलं मला म्हाईत हाय. मी शर्टात हात घालून म्हणलं, "आणली!" आणि मग आक्का दिसली.

कसा गेलास, मी इचारलं. सकाळी चा मागितला, आक्का घेऊन आली तवर मान कलंडलेली. डाक्टर आला, नाडी बघितली, गेला. बास. एवढ्यावर? पाऊस वाढतोय, खड्ड्यात पाणी भरंल, लवकर न्ह्या, असं सगळे म्हणायला लागले. मला वाटलं, अरं जरा थांबा की. गिऱ्हाईक गुळाचा खडा तोंडात टाकून चव घेतल्याबिगर बोली लावत न्हाय. हितं माणूस हाय.

पर मी कोण सांगणारा? तुझ्या थोरल्या भावानं मला मिठाची पोती उचलायला सांगितली. पाठ गेली म्हणून कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. मी बी बोललो न्हाय. तुला विमानात, त्या फुलांच्या पालखीत, बसवून पुढं चाललेले, भजन चाललेलं, आणि मागं मी, पाठीवर मीठ, छातीत क्यासेटीचा कोपरा टोचतोय. पावसानं मीठ इरघळून मानंवर उतरत व्हतं. तुझ्या अडतीतलं माझं शेवटचं ओझं ते.

खड्ड्यात तुला बसवलं. मांडी नीट घातली. समोर तोंड करून, हात मांडीत. अण्णा, सांगू? तू माडीवर टीव्हीसमोर बसायचास, अगदी तसा. नुसता पडदा न्हवता. समोर मातीची भिंत आणि तिच्यातनं पाणी झिरपत व्हतं. मला तवा कळलं, चुलत्याच्या गोष्टीतलं तू काय बघितलं हुतंस.

स्वामींचा मंत्र झाला. बेलाची पानं टाकायला घरातली पुढं आली. तुझ्या भावानं घमेलं उचललं. मी म्हणलं, "थांबा जरा."

"काय?"

"एक ऱ्हायलंय."

मी खड्ड्याच्या काठावर गेलो. सगळा बाजार बघतोय. स्वामी बघत्यात. आक्का बघतीया. जलमात स्टेजवर गेलो न्हाय, आणि पयला परयोग ह्यो. मी डोळं मिटलं. डोळं उघडं ठेवून तुझा आवाज मला काढताच येत न्हाय. जांभईसकट म्हणलं,

"गंऽ… चा झाला का गं?"

भजन थांबलं. आक्काचा हुंदका बी थांबला. आणि अण्णा, खालनं आवाज आला. नाकात शिट्टी. गुडगुड. आणि उचकी.

मी डोळं उघडलं. तू तसाच बसलेला. कपाळावर बेलाचं पान चिकटलेलं. मी बोंब ठोकली, "हसला! थांबा, हसला त्यो! बाहेर काढा!"

तुझ्या भावानं माझी गचांडी धरली. "बंडा, आज तरी गप बस की रं भाड्या!" कुणीतरी म्हणालं, पिऊन आलाय. एक थेंब न्हवता पोटात. माझ्याच जोडीच्या हमालांनी मला दोन्ही दंडांस्नी धरून मागं ओढलं, पोतं ओढत्यात तसं. जलमभर खोटं बोलून लोकांस्नी हसवलं, आता खरं बोलतोय तर ऐकणार कोण? मी वरडत ऱ्हायलो आणि मीठ पडलं, भस्म पडलं, माती पडली. तुझं डोस्कं दिसेनासं झालं तवा मी वरडायचा थांबलो.

तवापासनं आजपातूर मला झोप न्हाय. ताटावर बसलो की मांडी घालवत न्हाय. रोज दुपारी तुझ्याकडं येतो, मातीला कान लावून पडतो. तितला राखणदार परवा म्हणाला, "पावणं, काय हरवलंय काय?" मी म्हणलं, "चाची कपबशी." त्यो लांब जाऊन बसला. एक दिस फावडं घेऊन आलतो. जागेवर उभा राहिलो, फावडं उचललं, आणि खाली ठेवलं. उकरून बघितलं आणि तुझी मांडी मोडलेली दिसली तर? हात वर आलेलं दिसलं तर? बोटांत माती दिसली तर? ती पिक्चरं एवढी बघितली, आतल्या बाजूचं ओरखडं एवढं बघितलं, की डोळं मिटलं की तेच दिसतंय. फक्त पेटी नसती. तू असतोस, बसलेला, तोंडात मीठ, आणि हसतोयस. मी तुला हसवलं, अण्णा. तुझं सांगितलेलं सगळं केलं. मग तुला बाहेर काढायला पायजे व्हतं. तू मागितल्यालं त्येवढंच, आणि तेच माझ्याच्यानं झालं न्हाय.

गिरिजा, लिवलंस का?

अण्णा, हिनं पेन खाली ठेवलंय.

म्हणलं, "काय झालं गं पोरी? लई अभद्र बोललो काय? मग खोड ते."

ती म्हणाली, "काका, ते मी होते."

"कोण तू?"

"हसले ते. बेलाची पानं टाकायला मी खाली वाकले होते. अण्णांच्या कपाळावरचं पान मीच ठेवलं. तुम्ही तो आवाज काढलात आणि… मला आवरलंच नाही. पदर तोंडात कोंबला. सगळ्यांना वाटलं रडतेय. आईनं पाठीवरनं हात फिरवला माझ्या."

मी म्हणलं, "खोटं. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. तुझं हसणं मला म्हाईत हाय, तू बोटं तोंडावर धरून हसतीस, मांजरागत."

"ते आईनं शिकवलेलं. लहानपणी मी अण्णांसारखीच हसायचे. आई म्हणायची, पोरीच्या जातीला असलं हसणं शोभत न्हाय, सासरी काय म्हणतील." तिचं डोळं भरलेलं. "बाप खड्ड्यात बसलाय आणि मी हसले, काका. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं मीच त्यांना…"

बघ अण्णा, दोघं एका घरात वर-खाली. मी माडीवर तुला जित्ता पुरला म्हणून जागा, ती खाली तुझ्यावर हसली म्हणून जागी. आणि मधी जिना.

तरी माझा इस्वास बसंना. मी म्हणलं, "हसून दाखीव."

"असं कसं हसू?"

मग मी डोळं मिटलं. आवाज नीट निघाला न्हाय, त्या दिसापासनं घसा बसलाय वरडून. तरी जांभई दिली आणि म्हणलं, "गंऽ… चा झाला का गं?"

पयल्यांदा काय न्हाय. मग शिट्टी आली, नाकात. मग गुडगुड. आणि उचकी. डोळं उघडलं तर गिरिजा, तोंडावर हात न घेता, रडता रडता हसतीया. तुझंच. जसंच्या तसं.

आत भांडं पडलं. आक्का दारात आली. तिनं तुझा आवाज ऐकला, तुझं हसणं ऐकलं, आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि मग तुझ्या गादीकडं. गादी रिकामीच की. मला वाटलं आता लाटणं येतंय. तिनं गिरिजाला 'असलं हसू नगंस' म्हणलं न्हाय. आत गेली. थोड्या येळानं स्टो पेटल्याचा आवाज आला.

अण्णा, मला वाटलं व्हतं, हे कळलं की छातीवरचा धोंडा उतरंल. उतरला. तू मिठात गुदमरला न्हाईस, मातीत खरवडलं न्हाईस, एवढं खरं. पर धोंडा उतरला आणि खाली काय व्हतं ते दिसलं. इतकं दिस मी मातीला कान लावत व्हतो, ते भीतीनं म्हणत व्हतो. निम्मी भीती व्हती. निम्मं मला वाटत व्हतं, तू हसलास म्हंजे तू हाईस. कुठं का असंना. आता ते बी गेलं.

नवी क्यासेट इतकं दिस शर्टातच व्हती, ती वर जाऊन टीव्हीवर ठेवून आलोय. खाकी कव्हर घातलेलं न्हाय. त्यातला शरीफ मुडदा कोण, काय करतोय, मला म्हाईत न्हाय. गिरिजा म्हणतीया येत्या अमावास्येला लावू. मी म्हणलं, बघू. आणि मग माझी मीच जीभ चावली, आणि म्हणलं, व्हय.

आक्कानं चा आणून ठेवला. तीन कप. एक तुझ्या जागेसमोर ठेवला तिनं, सवयीनं, आणि मग उचलून न्हेला.

गिरिजानं पेन पुन्हा घेतलंय. म्हणतीया, "काका, इथपर्यंत झालं. शेवटाला काय लिहू?"

म्हणलं, तुझ्या बानं सांगितल्याप्रमाणं सगळं झालं, असं लिव. मी खड्ड्याजवळ व्हतो, लिव. त्येच्या आवाजात म्हणलं, लिव. पोरगी हसली, ते बी लिव, लाजू नगंस.

आणि लिव: अण्णा हसला न्हाय.